मधला माळ

थंडीत ऊन कललं की आमच्या माळाचा रंग बदलत जातो. आधी गवत पिवळं दिसतं, मग तांबूस होतं, आणि सूर्य खाडीच्या अंगाला टेकला की थोडा वेळ सगळा माळ गुलाबी होऊन जातो. त्या वेळी मी बांधावर बसलेली असले तर मला माझं वय आठवत नाही. म्हशींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात, म्हशी मात्र दिसत नाहीत, आणि वाटतं, आता आई हाक मारील, पाय धुवायला लावील आणि पुस्तक घेऊन बसवील. मग फोन वाजतो आणि तुळिंजहून नवरा विचारतो, येताना दूध आणते आहेस ना.

हा माळ वालीवच्या खाली, खाडीकडे उतरताना लागतो. एका बाजूला बंद पडलेली मिठागरं, दुसऱ्या बाजूला गोदामांचे निळे पत्रे, आणि लांब मागे तुंगारेश्वरचा डोंगर. मी लहान होते तेव्हा ते पत्रे नव्हते. नजर जाईल तिथवर गवत होतं. आजोबांच्या वेळी ते कापून, दाबून, गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. पुढे तबेले कमी झाले, गवताच्या वखारी मोडल्या, आणि माळ तुकड्यातुकड्यानं भरावाखाली गेला. आमचा तेवढा उरला, त्याचं कारण काही थोर नाही. तो बाबा आणि काका या दोन भावांच्या नावावर होता, आणि त्या दोघांचं जन्मात कशावर एकमत झालेलं मला माहीत नाही.

मी वालीवच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम करते. शनिवारी अर्धा दिवस असतो. मग घरी न जाता मी माहेरी उतरते, म्हशींना हात लावते, बांधावर बसते आणि संध्याकाळी दुधाची बरणी घेऊन तुळिंजला परतते. आमची सोसायटी म्हणते, हिच्या अंगाला गोठ्याचा वास येतो. येतो. मला तो आवडतो, आणि त्यांना चहा त्याच दुधाचा लागतो.

बाबा आणि काका यांची घरं एकाच भिंतीला दोन्हीकडून चिकटलेली. ओटा एकच. एका पावसाळ्याआधी काका बाबांना म्हणाले की आता पुरे झालं, चार लोकांसारखा आपणही माळ भरावाला देऊन टाकू, गोदाम होईल, म्हातारपण सुखात जाईल. बाबांनी विचारलं, मग म्हशी कुठं बांधायच्या? काका म्हणाले, "तुज्या डोक्यावर बांद." त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलायचे थांबले. एका ओट्यावर बसायचे, एका पिंपातलं पाणी प्यायचे, पण बोलायचे ते आईमार्फत.

"वैनी, त्यांना सांगा, मोटर बंद करा, पानी वाहतंय."

बाबा हाताच्या अंतरावर उभे असायचे. ते आईला म्हणायचे, "सांग त्याला, मना डोले हायत." आई मध्ये बसून वालाच्या शेंगा सोलत असायची. ती कोणाचा निरोप कोणाला पोचवायची नाही, कारण तो पोचलेलाच असायचा. ती घरात नसली तर दोघं म्हशीला सांगायचे. कपाळावर पांढरा चांद असलेली आमची एक जुनी म्हैस होती. तिनं त्या दोन भावांचं इतकं ऐकून घेतलंय की तिला वाचा फुटली असती तर आमची अब्रू गेली असती.

खरं सांगायचं तर काका चुकीचं बोलत नव्हते. त्यांचे गुडघे गेलेले. त्यांच्या मुलांपैकी एक पुण्याला, दुसरा टेम्पो चालवतो, आणि गोठ्यात कोणी पाय ठेवणार नाही हे उघड होतं. बाबांना तरी कुठे मुलगा होता? मी होते, ती ऑफिसात. पण बाबांना माळाशिवाय जगता येणार नव्हतं. ते मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, आणि माझी खात्री आहे की काकांनाही ठाऊक होतं. म्हणून तर काका बाबांकडे बघून बोलत नसत.

अशा दिवसांत टीचर आल्या.

त्या जुन्या वसईतल्या. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, अंगानं किरकोळ, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. आख्खी वसई त्यांना टीचर म्हणते, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. सोबत गळ्यात दुर्बिणी घातलेली मंडळी, सगळ्यांचे कपडे सुकलेल्या पानांच्या रंगाचे. काकांना वाटलं ही भरावाची माणसं, जमीन बघायला आली असणार. त्यांनी लगबगीनं खुर्ची आणली. बाबांनाही तेच वाटलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. मग टीचर म्हणाल्या, आम्ही पाखरं बघायला आलोय. खुर्ची आत गेली आणि बाबांनी आईला चहा टाकायला सांगितला.

टीचरांनी त्या संध्याकाळी आम्हाला जे दाखवलं ते आमच्याच माळावर, आमच्याच घरामागे, कितीतरी वर्षं घडत होतं. दिवे लागायच्या आधी उत्तरेकडून एक पाखरू आलं. घारीसारखं, पण सडपातळ, लांब पंखांचं, राखाडी. पंख किंचित वर उचलून ते गवताच्या शेंड्यांवरून तरंगत गेलं. मग आणखी एक आलं, तपकिरी. मग मोजता येईनात इतकी, कुठून कुठून. सगळी माळाच्या मधोमध, आम्ही मधला माळ म्हणतो तिथे, घिरट्या घालू लागली, आवाज न करता, आणि एकेक करून गवतात उतरली. उतरली की दिसेनाशी व्हायची. शेवटी आभाळ रिकामं झालं आणि गवत नुसतं डुलत राहिलं.

मी बांधावर खाली बसले. 

"भोवत्या," टीचर हलक्या आवाजात म्हणाल्या. "हिमालयाच्या पलीकडून येतात थंडीला. दिवसभर नाकतोडे खातात आणि रात्री अशी एकत्र येऊन जमिनीवर झोपतात. झाडावर नाही. त्यांना गवतच लागतं."

बाबा म्हणाले, "ही तं आमची थंडीतली घार. रोज बगतो. पन ही इथं झोपते?"

त्यांना माहीत नव्हतं, यात नवल नाही. ती पाखरं उतरतात ती वेळ धारा काढायची. त्या वेळी आमच्या घरात सगळ्यांची डोकी म्हशीच्या कुशीला टेकलेली असतात. संध्याकाळी बांधावर बसायला मीही शिकले ती त्यानंतर. आभाळाकडे बघायला दूधवाल्याला सवड सकाळी मिळते, संध्याकाळी नाही.

टीचरांनी मग मुद्दा काढला. अशी जागा आता आसपास उरलेली नाही, आणि दरवर्षीप्रमाणे थंडीत मधलं गवत कापलं की ही पाखरं ऐन मुक्कामात उठून जातात. ते तेवढं होळीपर्यंत ठेवता येईल का?

"मंग म्हशींनी काय खावाचं? घारी?" बाबा म्हणाले.

टीचर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, बाजूचं सगळं गवत आम्ही कापून देऊ. आमच्या हातांनी. तुम्ही फक्त कसं कापायचं ते सांगा.

काका ओट्यावरून सगळं ऐकत होते. ते आईला म्हणाले, "वैनी, सांगा त्यांना. या थंडीला मी गप ऱ्हातो. पुढल्या थंडीला ही पाखरं परत आली आनि इथंच झोपली, तर मी भरावाचं नाव काढनार नाय. नाय झोपली, तर मना कोनी अडवायचं नाय."

बाबा चांदवाल्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सांग त्याला. कबूल."

त्या थंडीतले रविवार आठवले की मला अजून हसू फुटतं. दिवसभर काँप्युटरसमोर बसणारी ती मंडळी विळे घेऊन आमच्या माळात वाकली. दुपारपर्यंत त्यांचे तळहात फोडांनी भरले. आई खोबरेल तेल लावत बसली आणि तोंडानं अखंड बडबड, की आयशीनं कामाला लावलं नाय वाटतं कदी. त्यांनी बांधलेला भारा डोक्यावर चढेपर्यंत भारा असायचा, गोठ्याशी येईपर्यंत चार काड्या राहायच्या. माळापासून दारापर्यंत गवताची पिवळी वाट पडली. मग बाबांनी त्यांना गाठ मारायला शिकवली, आणि त्यांनी बाबांच्या डोळ्याला दुर्बीण लावायला शिकवली. बाबा उलट्या बाजूनं बघायचे. सगळं लहान आणि लांब दिसायचं, आणि ते म्हणायचे, "चांगलं हाय. गोदामं पार लांब गेली."

आई सगळ्यांना तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं वाढायची. टीचर जमिनीवर मांडी घालून जेवायच्या, आणि हळूहळू असं झालं की रविवारी त्या आल्या नाहीत तर आई दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन यायची. होळी झाली. पाखरं उठून उत्तरेला गेली. मधलं गवत बाबांनी मग कापलं, वाळून कडक झालेलं, पण म्हशींनी मुकाट खाल्लं.

आता पुढल्या थंडीला ती परत यायला हवी होती. बाबांचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं. ते बोलून दाखवत नव्हते, पण पावसाळाभर ते मधल्या माळाशी जसे वागले त्यावरून ते कळत होतं.

मधला माळ म्हणजे एक उंचवटा आहे. पावसात खालच्या बाजूला चिखल होतो, म्हणून आमच्या म्हशी आषाढात त्या उंचवट्यावर चढून उभ्या राहायच्या. तिथेच चरायच्या, तिथेच बसायच्या, रवंथ करत भिजायच्या. श्रावण निम्मा झाला की त्यांना बाहेर काढायचं आणि गवत वाढू द्यायचं, ही जुनी पद्धत. त्या वर्षी बाबांनी एकाही म्हशीला वर पाय ठेवू दिला नाही. त्यांना गोठ्यात बांधून ठेवलं आणि स्वतः पावसात भिजत, बाहेरबाहेरचं गवत कापून, डोक्यावर वाहून त्यांना घातलं. टीचरांनी हे मागितलं नव्हतं. त्यांनी फक्त थंडीचं बोलणं केलं होतं. पण पाहुण्यासाठी राखायचं म्हटलं की आमच्याकडे असंच राखतात. काकांच्या घरात पुढच्या खोलीत सोफा आहे. तो आणला त्या दिवशी त्याच्यावर जे प्लास्टिक होतं ते अजून आहे. घरचं कोणी त्यावर बसत नाही, आणि पाहुणा आला तर तो घसरतो म्हणून खुर्ची मागतो. बाबांनी मधल्या माळाचा तो सोफा केला.

टीचरही त्या पावसात एकदा येऊन गेल्या. छातीएवढं हिरवंगार गवत बघून त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या मंडळींनी भोवती दोरी बांधली आणि एक पाटी लावली, शांतता राखा. काका आईला म्हणाले, "वैनी, म्हशींना वाचता येतं का विचारा." आम्ही सगळे हसलो. मला मात्र त्या पावसाळ्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. मी ओट्यावर बसून पावसाकडे बघायची, आणि कान कशाची तरी वाट बघत राहायचे. पुढे कळलं की मधल्या माळावरून घंटा ऐकू येत नव्हत्या.

थंडी पडली. दिवाळी होऊन गेली आणि एका शनिवारी उत्तरेकडून पहिलं राखाडी पाखरू आलं. बाबांनी धार अर्धी टाकली, बादली आईच्या हातात दिली आणि बांधाकडे धावले. मी त्यांच्या मागे. पाखरू मधल्या माळावर आलं, खाली आलं, आणखी खाली, पाय सोडले. मग पंख मारून वर गेलं. पुन्हा आलं, पुन्हा वर गेलं. अंधार पडता पडता ते मिठागरांच्या दिशेनं निघून गेलं.

दुसरी आली, त्यांनीही तेच केलं. पुढच्या शनिवारीही तेच. रोज संध्याकाळी ती येत होती, आमच्या माळावर घिरट्या घालत होती आणि उतरत नव्हती. टीचर रोज बसनं येऊन बांधावर बसायच्या. बाबा म्हणायचे वारा फिरलाय. मग म्हणाले गोदामांचे दिवे वाढलेत. मग काहीच म्हणेनासे झाले. रात्री ताटावरून अर्धे उठायचे. मी आईला विचारलं, बाबा झोपतात का गं. ती म्हणाली, "पाखरं झोपतील तवा."

काका एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. एकदा भरावाचा माणूस मोटरसायकलवरून आला, बांधावर उभा राहून माळ बघून गेला. काकांनी त्याला खुर्ची दिली नाही, पण जा असंही म्हणाले नाहीत. मला त्या माणसाचा असा राग आला की मी त्याच्या चाकातली हवा सोडायचा विचार करत होते. आईनं डोळे वटारले म्हणून राहिले.

शेवटी एका रविवारी सकाळी टीचर म्हणाल्या, आत जाऊन बघू या. दोरी ओलांडून बाबा, त्या आणि मी मधल्या माळावर चढलो. होळीनंतर गवत कापलं तेव्हापासून तिथे कोणाचा पाय पडला नव्हता. बाहेरून सोन्यासारखं दिसणारं गवत आत शिरल्यावर वेगळंच निघालं. ते परतीच्या पावसात आडवं झालं होतं, त्याच्यावर दुसरं वाढलं होतं, तेही आडवं झालं होतं. पाय टाकला की जुन्या कापसाच्या गादीत रुतावा तसा रुतायचा आणि जमीन लागायचीच नाही. टीचर चालता चालता कोलमडल्या आणि कमरेपर्यंत गवतात रुतल्या.

"अहो, इथे मलाच बसायला जागा नाही," त्या म्हणाल्या.

बाबा त्यांना हात द्यायला वाकले आणि तसेच थांबले.

टीचर म्हणाल्या, "गेल्या वर्षी पाखरं गेल्यावर मी इथे आले होते. गवतात गोल गोल मोकळ्या जागा होत्या. त्यांत पिसं होती, विष्ठा होती. मला वाटलं, त्यांनीच गवत दाबून बिछाने केलेत."

"गोल?" बाबांनी विचारलं. "केवडे?"

टीचरांनी दोन्ही हात पसरले.

"ते बिछाने घारीचे नाय, टीचर. ते माज्या म्हशींचे. पावसात बसतात ना, तिथं गवत उगवत नाय."

 टीचरांना पिसं कुठे सापडली ते ठाऊक होतं, बाबांना जागा कोणी केल्या ते ठाऊक होतं, आणि एकमेकांचा मान राखण्याच्या नादात दोघांनी मिळून पाखरांची झोपायची जागा बुजवून टाकली होती. टीचर आधी हसल्या, मग बाबा हसले, आणि मी बघत असताना बाबांच्या हसण्याचं रडणं झालं. त्यांनी टॉवेल तोंडावर धरला. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रडताना बघितलं.

म्हशी आत सोडायच्या तर आता थंडी अर्ध्यावर आलेली. टीचरांच्या मंडळींतले काही म्हणाले, जनावरं घातली तर उरलीसुरली पाखरंही जातील. बाबांनाही धाकधूक, म्हशी सगळंच खाऊन टाकतील म्हणून. टीचर म्हणाल्या, माझी जबाबदारी. बाबा म्हणाले, माझ्या म्हशी. मग त्यांनी दोरी सोडली, पाटी उपटून गोठ्याच्या मोरीवर टाकली, आणि चांदवाल्या म्हशीला पुढे घालून मधल्या माळावर चढवलं. ती तेव्हा गाभण होती, पोट बाजूला सुटलेलं, चाल राणीची. ती वर पोचली, एकदा वास घेतला, आणि वर्षभर आपली जागा कोणी बळकावली होती अशा थाटात फुत्कारून गवतात शिरली.

त्यानंतरचे दिवस मला स्वप्नात बघितल्यासारखे आठवतात. सकाळी कामावर जाताना मी वाट वाकडी करून यायची, तेव्हा माळावर धुकं असायचं आणि धुक्यातून घंटा वाजायच्या. म्हशी गवत खात, तुडवत, लोळत होत्या. बाबा विळ्यानं मध्ये मध्ये पट्टे काढत होते. टीचर कमरेला पदर खोचून, म्हणजे ओढणी खोचून, मेलेलं गवत ओढून बाहेर टाकत होत्या. ऑफिसात माझं लक्ष लागायचं नाही. समोर मालाची चलनं असायची आणि कानात घंटा.

मग तो शनिवार आला. ऊन कललं तेव्हा आम्ही बांधावर होतो. बाबा, टीचर, आई आणि मी. जरा लांब काका, आपण सहज आलोय असं दाखवत. बाकीच्या म्हशी धारेच्या ओढीनं आपणहून गोठ्याकडे निघाल्या होत्या. चांदवाली आली नाही. ती आटलेली होती, तिला धारेची घाई नव्हती. ती मधल्या माळावर आपल्या जुन्या जागी बसली होती, गवतातून फक्त शिंगं दिसत होती.

बाबा तिला हाक मारायला तोंड उघडणार तोच उत्तरेकडून पाखरू आलं.

मागून दुसरं, मग बाकीची. ती मधल्या माळावर फिरू लागली. बाबांनी हाक गिळली. पण ते उठून उभे राहिले. माझ्या कानाशी पुटपुटले, "गाभन हाय ती. दव पडंल, कुत्री फिरतात. बाहेर कशी ठेवू?" आणि मला स्पष्ट दिसलं की ते जाणार. सगळा माळ, सगळं म्हातारपण त्या पाखरांवर टांगलेलं असताना ते म्हशीला आणायला निघाले होते, आणि ते उठवायला गेले असते तर पाखरं पुन्हा मिठागरांकडे गेली असती. टीचरांनी डोळे मिटून घेतले. 

गोठ्यातून म्हशींचं ओरडणं ऐकू आलं. आई उठली. "तुमची पाखरं झोपू द्या नायतर नाचू द्या, माज्या म्हशी पान्हावल्यात," असं म्हणून ती निघून गेली. ती पाखरं उतरताना तिनं अजूनपर्यंत बघितलेली नाहीत.

बाबांनी पाऊल उचललं. तेवढ्यात काका लंगडत जवळ आले. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबला. बाबा बसले. काका त्यांच्या शेजारी बसले, दुखरा गुडघा लांब करून.

पहिलं राखाडी पाखरू खाली आलं. पाय सोडले. चांदवालीच्या शिंगांच्या अंगानं ते गवतात उतरलं आणि परत वर आलं नाही. दुसरं उतरलं. मग तपकिरी, मग आणखी. म्हशीनं कान हलवला, घंटा एकदा वाजली, आणि तरी ती उतरतच राहिली. गुलाबी रंग गेला, गवत काळं झालं, आभाळात काही उरलं नाही.  माझा फोन थरथरला. मी नवऱ्याला सांगितलं, आज दूध नाही, मीही नाही.

काकांनी मला घरातून चादर आणायला सांगितली. ती अंगाभोवती गुंडाळून ते चांदवालीच्या राखणीला बांधावरच बसून राहिले. मी बाबांना घरी आणलं.

सकाळी उठले तेव्हा ओट्यावर दव होतं. बाबा गोठ्यात धार काढत होते, डोकं म्हशीच्या कुशीला टेकलेलं. धुक्यातून घंटा जवळ येत गेली आणि चांदवाली दारात उभी राहिली. तिच्यामागे काका, चादर भिजून अंगाला चिकटलेली. आई चुलीजवळ होती. काका तिच्याकडे वळतील म्हणून मी बघत होते. ते वळले नाहीत. त्यांनी म्हशीला खुंट्याला बांधलं, तिच्या पाठीवरचं दव हातानं निपटून काढलं आणि गोठ्यातल्या पाठमोऱ्या बाबांना म्हणाले,

"पुढल्या वर्साला हिला आषाढातच आत सोड."

बादलीत पडणारी धार थांबली.  मग बाबा म्हणाले, "सोडतो," आणि धार पुन्हा सुरू झाली.